वचन कोणत्या काळातलं आहे ते कसं शोधायचं: यिर्मया २९ उघडून बसूया

नोकरी लागली, दहावीचा निकाल लागला, लग्न ठरलं, नवीन घराची चावी मिळाली की आपल्याकडे एक वचन हमखास येतं, यिर्मया २९:११. कार्डावर येतं, फ्रेममध्ये येतं, व्हॉट्सॲप स्टेटसला येतं. तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, पुढे आशा आहे, असं देव म्हणतो. मी स्वतः कितीतरी जणांना हे वचन वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिलंय आणि अगदी मनापासून दिलंय.

मग एकदा आमच्या घरगुती बायबल स्टडीत हेच वचन निघालं. एक मावशी आहेत, शाळेत शिकवून रिटायर झालेल्या, त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "हा अख्खा अध्याय म्हणजे पत्र आहे ना रे? मग पाकिटावर पत्ता कोणाचा आहे?" कोणालाच सांगता येईना. सगळ्यांना वचन तोंडपाठ, पत्र कोणी कोणाला कधी लिहिलं ते मात्र कोणाला माहीत नाही. त्या दिवसापासून आम्ही एक पद्धत धरली, कुठलंही वचन घेतलं की आधी त्याचा काळ शोधायचा आणि मगच ते आज आपल्याला काय सांगतं यावर बोलायचं. तीच पद्धत इथे लिहितोय, आणि नुसते नियम सांगून काही कळत नाही म्हणून यिर्मया २९ च शेवटपर्यंत हातात धरतो, मध्ये मध्ये दुसरे उतारे येतील.

लागणारं सामान थोडंच आहे. एक वही, पेन, बायबल, शक्यतो दोन भाषांतरं, आणि बायबलच्या मागे असतात ते नकाशे. छापील बायबल घ्या असं मी आग्रहाने सांगेन, कारण ॲपमध्ये वचन सर्च केलं की ते वचन तेवढंच समोर येतं, आणि आपल्याला तर त्याच्या आजूबाजूचंच बघायचंय.

पहिली पायरी: वचन सोडा, तुकडा शोधा

अध्यायांचे आणि वचनांचे आकडे मूळ लिखाणात नव्हते हे आधी मनात पक्कं करा. आज आपण वापरतो ते अध्याय तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टन यांनी पाडले असं मानतात, आणि नव्या करारातले वचनांचे आकडे रोबेर एस्तिएन नावाच्या छापणाऱ्याने १५५१ मध्ये घातले. म्हणजे यिर्मयाच्या वेळी "२९:११" असं काही नव्हतंच, होतं ते एक सलग पत्र.

तर करायचं काय, की आपल्या वचनावर बोट ठेवायचं आणि वर वर जायचं, जिथे बोलणारा बदलतो, जागा बदलते किंवा "अमक्या वर्षी असं झालं" अशी नवी सुरुवात होते तिथे थांबायचं. तसंच खाली जायचं. यिर्मया २९ मध्ये वर गेलात की वचन १ ते ३ लागतात आणि तेच आपलं पाकीट. पाठवणारा यिर्मया संदेष्टा, ठिकाण यरुशलेम. घेणारे कोण, तर बाबेलच्या (बॅबिलॉनच्या) नबुखद्नेस्सर राजाने तिकडे धरून नेलेल्या लोकांमधले उरलेले वडील, याजक, संदेष्टे आणि सगळे लोक. आणि पोस्टमनची नावंसुद्धा आहेत, शाफानाचा मुलगा एलासा आणि हिल्कीयाचा मुलगा गमऱ्या, ज्यांना यहूदाच्या सिद्कीया राजाने बाबेलला नबुखद्नेस्सराकडे पाठवलं होतं. म्हणजे राजाचं शिष्टमंडळ निघालं होतं आणि त्यांच्याबरोबर हे पत्र गेलं. हे मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा खरंच अंगावर काटा आला, कारण इतकी वर्षं मी ज्याला भिंतीवरचं वाक्य समजत होतो ते कोणीतरी झोळीत घालून महिनोन्‌महिने चालत नेलेलं पत्र होतं. (एज्राला पुढे बाबेलहून यरुशलेमला यायला चार महिने लागले, एज्रा ७:९ बघा. त्यावरून या वाटेचा अंदाज करा.)

खालच्या बाजूला वचन ३२ पर्यंत जा. तिथे काय आहे ते पुढे सांगतो, तिथेच सगळ्यात मोठी गोष्ट दडलीय.

दुसरी पायरी: उताऱ्यातच तारीख आहे का बघा

बाहेरची पुस्तकं उघडण्याआधी बायबललाच विचारा. पुष्कळ ठिकाणी तारीख सरळ लिहिलेली असते, आपणच नावं वाचून पुढे पळतो. हाग्गय १:१ बघा, दारयावेश राजाचं दुसरं वर्ष, सहावा महिना, पहिला दिवस. इतकं नेमकं की अभ्यासक ती तारीख आपल्या कॅलेंडरवर २९ ऑगस्ट इ.स.पू. ५२० अशी मांडतात. आमोस १:१ मध्ये दोन राजांची नावं आहेत आणि "भूकंपाच्या दोन वर्षं आधी" असं लिहिलंय, म्हणजे लोकांच्या लक्षात राहिलेल्या आपत्तीवरून मोजलेला काळ. आपल्याकडे जुनी माणसं "प्लेगच्या साली", "भूकंप झाला त्या वर्षी" असं सांगतात ना, अगदी तसंच.

यिर्मया २९:२ मध्ये तारीख आकड्यात नाही, घटनेत आहे. यकन्या राजा, त्याची आई, दरबारी, सुतार आणि लोहार यरुशलेमेतून गेल्यावरचं हे पत्र. यकन्या म्हणजेच यहोयाखीन (एकाच माणसाची दोन नावं असतात, वहीत दोन्ही लिहा नाहीतर पुढे गोंधळ होतो, आणि यहोयाकीम हा त्याचा बाप, तो वेगळा!). मग २ राजे २४ उघडा, तिथे ही सगळी हकीकत आहे. अठरा वर्षांचा राजा, तीन महिन्यांचं राज्य, वेढा, शरणागती, आणि राजवाड्यातल्या माणसांपासून कारागिरांपर्यंत सगळ्यांची रवानगी. तिथे दहा हजार लोक नेले असं आहे, यिर्मया ५२:२८ मध्ये ३,०२३ असा आकडा आहे. असे दोन आकडे सापडले की घाबरून एक पुसू नका, दोन्ही लिहून ठेवा, मोजणारे कोण आणि कोणाला मोजलं हा प्रश्न समोर ठेवा.

तिसरी पायरी: एका पानावर टाइमलाइन

ही एकदाच करायची आणि बायबलच्या मागच्या कव्हरला चिकटवून टाकायची. जास्त तारखा नकोत, खुंट्या हव्यात, कपडे नंतर टांगता येतात. माझ्या पानावर एवढंच आहे:

इ.स.पू. ७२२ च्या सुमारास उत्तरेकडच्या इस्राएल राज्याची राजधानी शोमरोन पडली, अश्शूरचा काळ.
७०१, अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदात.
६०९, योशीया राजा मगिद्दोला मारला गेला.
६०५, कर्कमीशची लढाई, बाबेल वर आलं.
५९७, पहिली मोठी कैद, यहोयाखीन गेला.
५८६ (काही जण ५८७ धरतात), यरुशलेम आणि मंदिर जाळलं.
५३९, पारसाच्या (पर्शियाच्या) कोरेश राजाने बाबेल घेतलं, पारसाचा काळ.
५१५ च्या आसपास, दुसरं मंदिर पुरं.
४४५, नहेम्या.
३३२, अलेक्झांडर, ग्रीकांचा काळ.
१६७, ग्रीक राजा अंतियोखाने मंदिर भ्रष्ट केलं.
६३, रोमन सेनापती पाँपे यरुशलेमात, रोमचा काळ.
४, हेरोद राजाचा मृत्यू.
मग इ.स. ६, यहूदीया थेट रोमच्या अधिकाऱ्याखाली.
२६ ते ३६, रोमचा अधिकारी पिलात.
७०, रोमने मंदिर पाडलं.

आता आपलं पत्र यात बसवा. मंदिर अजून उभं आहे, सिद्कीया राजा आहे, म्हणजे ५९७ नंतर आणि ५८६ च्या आधी. आणखी जवळ जायचं असेल तर शेजारचे अध्याय २७ आणि २८ वाचा. २७ मध्ये अदोम, मवाब, अम्मोन, सोर आणि सीदोन यांचे वकील यरुशलेमात आलेत, बाबेलविरुद्ध एकी करायची खलबतं चाललीत. २८ मध्ये सिद्कीयाचं चौथं वर्ष, म्हणजे ५९४ किंवा ५९३, आणि हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू काढून मोडतो आणि सांगतो, दोन वर्षांत सगळं परत येईल, राजाही आणि कैदीही. लोकांना हेच ऐकायचं होतं. पत्रावर स्वतःची तारीख नाही पण हवा ही आहे, सगळीकडे "दोनच वर्षं थांबा" चाललंय आणि त्यात यिर्मयाचं पत्र येतं, सत्तर वर्षं.

चौथी पायरी: राज्य कोणाचं, कर कोणाला?

हा प्रश्न मी प्रत्येक उताऱ्याला विचारतो, आणि बाकी काही जमलं नाही तरी एवढं तरी विचारा. बायबलातली बहुतेक पानं कुठल्या ना कुठल्या मोठ्या सत्तेच्या सावलीत लिहिलेली आहेत.

यिर्मयाच्या बाबतीत उत्तर सरळ आहे, बाबेल. थोडा वेळ मार्क १२:१३-१७ ला जाऊन येऊ, कारण तिथे या प्रश्नाशिवाय काही उलगडतच नाही. कैसराला, म्हणजे रोमच्या सम्राटाला, कर द्यावा की नाही असं येशूला विचारतात. आपण हे "धर्म वेगळा, राजकारण वेगळं" असं वाचतो. आता काळ लावा. घटना यरुशलेमातली आहे, जिथे इ.स. ६ पासून थेट रोमचा अंमल. त्याच साली शिरगणती झाली आणि गालीली यहूदा नावाच्या माणसाने त्यावरून बंड केलं, प्रेषितांची कृत्ये ५:३७ मध्ये त्याचं नाव आहे. म्हणजे हा कर म्हणजे रक्त सांडलेला विषय. "द्या" म्हणालास तर लोक उठतील, "देऊ नका" म्हणालास तर पिलाताचे शिपाई. विचारायला कोण आले, तर परूशी (नियमशास्त्र कडक पाळणारे) आणि हेरोदी (हेरोदाच्या घराण्याचे समर्थक), ज्यांचं एरवी एकमेकांशी जमणं कठीण.

आणि ते नाणं! येशू म्हणतो, एक दिनार आणून मला दाखवा, म्हणजे त्याच्याजवळ नाही, त्यांना मात्र लगेच मिळतं. तिबिर्य कैसराच्या दिनारावर त्याचा मुखवटा आणि भोवती लॅटिनमध्ये तो "देव झालेल्या औगुस्ताचा पुत्र" आहे असा मजकूर असायचा. असे दिनार आज म्युझियममध्ये आहेत, फोटो शोधून मोठा करून बघा, नखाएवढी अक्षरं कडेने फिरलेली दिसतात. मंदिराच्या आवारात उभं राहून असं नाणं हातात घेऊन "हा मुखवटा आणि हा लेख कोणाचा?" असं विचारणं किती धारदार होतं ते तेव्हा कळतं.

पाचवी पायरी: घड्याळं दोन असतात

गोष्ट घडली तो काळ एक, आणि ती लिहिली किंवा पुस्तकात रचली गेली तो काळ दुसरा. दोन्ही वेगळे कॉलम करा. सोपं उदाहरण म्हणजे रूथ. पहिलंच वाक्य म्हणतं शास्ते (राजांच्या आधीचे पुढारी) राज्य करत होते त्या दिवसांतली गोष्ट. पण ४:७ ला लेखक मध्येच थांबून सांगतो की पूर्वी इस्राएलात व्यवहार पक्का करताना जोडा काढून द्यायची रीत होती. म्हणजे त्याच्या वाचकांना ती रीत माहीत नाही, मधे बराच काळ गेलाय. शेवटी दावीदाचं नाव येतं, तेव्हा निदान दावीदानंतर तरी हे लिहिलंय.

यिर्मयाचं पुस्तक तर या बाबतीत फार बोलकं आहे. अध्याय काळाच्या क्रमाने लावलेले नाहीत, २४ वा सिद्कीयाच्या वेळचा आणि २५ वा त्याच्या आधीच्या यहोयाकीमच्या चौथ्या वर्षाचा. शिवाय जुन्या ग्रीक भाषांतरात हे पुस्तक हिब्रूपेक्षा बऱ्यापैकी लहान आहे आणि अध्यायांचा क्रमही वेगळा, आपला २९ वा तिथे ३६ वा येतो. मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत सापडलेल्या हिब्रू तुकड्यांत दोन्ही रूपांशी जुळणारे तुकडे आहेत. तेव्हा पुस्तक हळूहळू जमत गेलं, कोणीतरी पत्रं, भाषणं, आठवणी सांभाळून ठेवल्या. काहींना हे ऐकून धक्का बसतो, मला उलट त्या सांभाळणाऱ्यांबद्दल फार आदर वाटतो. शहर जळालं तरी हे कागद वाचले.

सहावी पायरी: बाहेरचे पुरावे, पण वहीत तीन कॉलमात

इथे गंमत पण आहे आणि धोका पण. आधी गंमत.

बाबेलच्या राजांच्या वर्षावार नोंदी मातीच्या पाट्यांवर सापडल्या आहेत, त्यातली एक पाटी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. नबुखद्नेस्सराच्या सातव्या वर्षी तो यहूदाच्या नगराला वेढा घालतो, अदार महिन्याच्या दुसऱ्या दिवशी नगर घेतो, राजाला धरतो, आपल्या मनासारखा राजा बसवतो आणि भरपूर खंडणी नेतो, असं त्यात आहे. हा दिवस मार्च ५९७ च्या मध्यावर येतो. त्याच पाटीवर दहाव्या वर्षी त्याच्या स्वतःच्याच देशात बंड झालं आणि त्याने आपल्याच सैन्यातल्या पुष्कळांना मारलं असंही आहे, म्हणजे ५९५ च्या शेवटी आणि ५९४ च्या सुरुवातीला. आता हनन्याचं "दोन वर्षं" परत आठवा! कैद्यांना आशा वाटायला कारण होतं, बाबेल आतून हलतंय अशा बातम्या येत असणार. हनन्या आपल्याला आज खोटा दिसतो कारण शेवट माहीत आहे, त्या वर्षी तो अगदी पटण्यासारखं बोलत होता.

दुसरं, खुद्द बाबेलात राजवाड्याच्या परिसरात रेशनच्या पाट्या सापडल्या, कोणाला किती तेल दिलं त्याचा हिशोब. त्यात यहूदाचा राजा याऊकीन, म्हणजे आपला यहोयाखीन, आणि त्याचे पाच मुलगे आहेत. एका पाटीवरची तारीख ५९२ ची आहे. यिर्मयाच्या पत्रात ज्याचं नाव आहे तो माणूस, त्याच काळात, सरकारी तेलाच्या यादीत. कारकुनाने रोजच्या कामात लिहिलेली ओळ, त्याला काय ठाऊक की अडीच हजार वर्षांनी आपण ती वाचू.

तिसरं, बाबेलच्या मुलखात "यहूदाचं गाव" अशा नावाची वस्ती होती, तिथले करारनामे आणि पावत्या सापडल्यात, सगळ्यात जुनी ५७२ ची. शेतं कसली, कर्ज काढलं, कर भरला, पुढच्या पिढ्यांची नावं. पत्रात यिर्मया सांगतो की घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, मुलाबाळांची लग्नं करा. त्या पावत्या वाचल्या की कळतं, लोकांनी तेच केलं. यहेज्केलही याच कैदेत गेलेला, खबार नदीकाठी तेल-अबीबला, आणि यहेज्केल ८:१ मध्ये तो आपल्या घरात बसलेला आहे, वडील मंडळी समोर.

आता धोका. वाचलेली प्रत्येक "ऐतिहासिक माहिती" खरी नसते, चर्चमधल्या संदेशात (प्रवचनात) ऐकलेली तर नक्कीच तपासा. श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं, या येशूच्या वाक्यावर आपण सगळ्यांनी ऐकलंय की यरुशलेमला त्या नावाचा एक छोटा दरवाजा होता आणि उंट गुडघे टेकून जायचा. येशूच्या काळातला याचा एकही पुरावा नाही, हे स्पष्टीकरण कितीतरी शतकांनंतरचं आहे, आणि ते घेतलं तर येशूचं वाक्य फार गुळगुळीत होतं. शिष्य तर ते ऐकून हादरले होते. तसंच कोरेशाचा मातीचा लेख, १८७९ मध्ये बाबेलात सापडलेला. लोकांना आपापल्या ठिकाणी परत जाऊ दिलं असं त्यात आहे आणि एज्राच्या पहिल्या अध्यायाशी ते छान जुळतं, पण त्यात यहूद्यांचं किंवा यरुशलेमचं नाव नाही. जुळतं म्हणा, नाव आहे म्हणू नका.

म्हणून वहीत तीन कॉलम करा: "उताऱ्यात आहे", "बाहेर सापडलंय", "अंदाज". प्रकटीकरण ३ मध्ये लावदिकीया नगरातल्या मंडळीला "कोमट" म्हटलंय ते घ्या. जवळच्या हेरापलीचे गरम झरे खरे आहेत, आजही वाहतात. लावदिकीयाला क्षार बसून आत पांढऱ्या झालेल्या पाण्याच्या नळ्या सापडल्यात तेही खरं. पण म्हणून लेखकाच्या मनात तेच पाणी होतं हे अंदाजाच्या कॉलममध्ये जाईल, कितीही आवडलं तरी.

सातवी पायरी: शब्द, आणि तू की तुम्ही

इथे आपली मराठी भलतीच उपयोगी आहे आणि आपण ती वापरतच नाही. इंग्रजीत एकाला आणि अनेकांना शब्द एकच, मराठी बायबलात मात्र एकट्या माणसाशी बोलताना बहुधा "तू" येतं आणि अनेकांशी "तुम्ही". लूक २२:३१-३२ मराठीत वाचा. शिमोनाला येशू सांगतो की सैतानाने "तुम्हांला" चाळायला मागितलंय, म्हणजे सगळ्या शिष्यांना, पण मी "तुझ्यासाठी" विनंती केली, म्हणजे एकट्या पेत्रासाठी. इंग्रजीवरून संदेश तयार करणाऱ्याच्या हातून हे सहज निसटतं.

आता यिर्मया २९:११ मध्ये बघा. "तुम्हांला" आहे. आपण कार्डावर वाचताना ते आदराचं समजतो, जसं पाहुण्यांना म्हणतो तसं. पण देव बोलतो तिथे एका माणसाला आदरार्थी तुम्ही म्हणत नाही. मूळ हिब्रूतही इथे अनेकवचन आहे. हे वचन एका माणसाच्या करिअरला उद्देशून नाही, उखडून नेलेल्या एका अख्ख्या समाजाला आहे.

मग शब्द. मी हिब्रूचा पंडित नाही, पण शब्दकोश आणि शब्दसूची वापरून एवढं कोणालाही जमतं. वचन ११ मध्ये जिथे आपण "हिताचे" वाचतो तिथे हिब्रू शब्द आहे शालोम. तोच शब्द वचन ७ मध्ये तीनदा येतो, ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याचं शालोम बघा, त्यासाठी प्रार्थना करा, त्याच्या शालोममध्ये तुमचं शालोम आहे. ते नगर कोणतं, तर बाबेल! शत्रूचं शहर, ज्याने तुमचा राजा उचलून नेला. भाषांतरांत कुठे हित, कुठे शांती, कुठे कल्याण आल्यामुळे ७ आणि ११ चा धागा तुटतो, म्हणून दोन भाषांतरं समोर ठेवा म्हटलं. पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू आणि ग्रीकवरून अख्ख्या बायबलचं मराठी केलं, १९२२ मध्ये वारण्याआधी काम पुरं केलं, त्यामागे हीच तळमळ होती की साध्या बाईमाणसाला मूळ शब्दाच्या जवळ जाता यावं.

आठवी पायरी: पहिल्या ऐकणाऱ्यांना कसं वाटलं?

आता ते मघाचं, वचन २४ ते ३२. शमाया नेहेलामी नावाचा माणूस बाबेलात हे पत्र ऐकतो आणि भडकतो. तो उलट यरुशलेमला पत्रं पाठवतो, याजकाला विचारतो की या यिर्मयाला अजून खोड्यात का घातलं नाही, हा आम्हाला लिहितो की कैद लांबणार आहे, घरं बांधा, मळे लावा. म्हणजे आपण ज्या पत्रातलं वाक्य आनंदाच्या कार्डावर छापतो, ते पत्र ऐकून पहिल्या काही ऐकणाऱ्यांना लिहिणाऱ्याला शिक्षा व्हावी असं वाटलं!

आणि त्यांचं चुकलं असं सहज म्हणू नका. तुम्ही तिशीत आहात, गाव सुटलंय, "दोन वर्षांत परत" असं एक जण सांगतोय, आणि दुसरा लिहितो सत्तर वर्षं (वचन १०). म्हणजे तुम्ही तिथेच मरणार, परत जाईल ते नातवंड. आमच्यात गावाहून शहरात आलेली माणसं आहेत, वीस वर्षं झाली तरी भाड्याच्या खोलीला रंग काढत नाहीत, कारण "जायचंच आहे गावी". तशाच माणसाला यिर्मया सांगतो की रंग काढ, झाड लाव. ते सोपं नव्हतं. सत्तर कुठून कुठपर्यंत मोजायचे यावर अभ्यासकांत मतं आहेत, कोणी ६०९ ते ५३९ धरतं, कोणी मंदिर पडल्यापासून नवं होईपर्यंत, आणि दानीएल ९ मध्ये तर दानीएल स्वतःच हा आकडा घेऊन प्रार्थनेला बसलाय. पण ऐकणाऱ्याला आकडेमोड नव्हती करायची, एक आयुष्य एवढंच त्याला ऐकू गेलं.

या पायरीला आम्ही ग्रुपमध्ये पत्र मोठ्याने वाचतो, एक जण एलासा होतो, बाकीचे कैदी. वचन ५ ते ७ वाचून थांबायचं. मग ८ ते १०. मग ११. त्या दिवशी ११ वाचून झाल्यावर खोलीत कोणी बोललं नाही. ते वचन पातळ होईल अशी मला भीती होती, पण एका भाऊंचा मुलगा बराच काळ आजारी आहे, ते म्हणाले, आता पहिल्यांदा हे मला माझ्यासाठी वाटलं, कारण लवकर बरं होईल असं यात कुठे लिहिलेलंच नाही.

नववी पायरी: मग आजकडे या

आता आणि आताच विचारायचं की आपल्याशी काय जुळतं. वहीत दोन यादी. जे त्या वेळेपुरतं होतं: सत्तर वर्षं, बाबेल, परत यरुशलेमला नेणं. जे पुढच्या काळातही लोकांनी धरून ठेवलं: लांबणाऱ्या दिवसांत देव विसरलेला नाही, खोटी घाईची आशा विकणाऱ्यापासून जपा, जिथे आहात त्या गावाचं भलं बघा. मी अजूनही दहावीच्या मुलांना यिर्मया २९ देतो, पण आता ४ ते १४ सगळं लिहून देतो, आणि जमलं तर दहा मिनिटं बसून पत्ता कोणाचा होता ते सांगतो.

सरावासाठी पुढच्या आठवड्यात स्तोत्र १३७ घ्या. बाबेलच्या नद्यांकाठी बसून रडणारी तीच माणसं, वीणा झाडांना टांगलेल्या, परक्या भूमीत परमेश्वराचं गीत कसं गाऊ असं विचारणारी. यिर्मयाच्या पत्राशेजारी ठेवून वाचा आणि आधीचं कुठलं, नंतरचं कुठलं ते स्वतः शोधा. उत्तर स्तोत्रातच आहे, सातव्या वचनात अदोमाचं नाव आणि यरुशलेमचा "दिवस" येतो, तो दिवस तुमच्या टाइमलाइनवर कुठल्या खुंटीला लागतो ते बघा, आणि मग यिर्मया २७:३ मध्ये त्याच अदोमाचा वकील यरुशलेमात कशासाठी आला होता तेही परत उघडून वाचा.